मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची गन: 30 मिलीची, पाठीवरच्या कॅनसकट

सांगोल्यात रविवारी जनावरांचा बाजार असतो. त्या दिवशी औषधांच्या दुकानात उभं राहायलाही जागा नसते, म्हणून मी ही गन मुद्दाम मधल्या वारी जाऊन घेतली. 1,150 रुपये. खोक्यावर मेंढराचं चित्र आहे, कंपनीचं नाव कुठंच नाही. आत पिस्तुलासारखी मूठ असलेली पिचकारी, पुढं स्टीलची वाकडी नळी, लांब पारदर्शक पाइप, 5 लिटरचा चपटा कॅन, कॅनला पाठीवर अडकवायचे दोन पट्टे आणि एका इवल्याशा पिशवीत दोन काळे वॉशर. माहितीपत्रक नाही. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, त्यात वाचायचं काय असतंय? दाबायचं आन् पाजायचं." बरंच असतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्याकडं ऐंशी-नव्वद मेंढरं आहेत. निम्मी माडग्याळ, बाकीची काळी दख्खनी आणि काही मिसळ. चारायला मामा (माझे सासरे) आणि आमचे हे नेतात. कोकरं, औषधपाणी आणि वही माझ्याकडं. पूर्वी घरात काचेच्या बाटलीनं पाजायची रीत होती. निम्मं औषध पोटात, निम्मं हनुवटीवरून खाली, आणि मेंढरानं बाटलीचं तोंड चावलं की जीव मुठीत. नंतर मी बिनसुईची 20 मिलीची सिरिंज वापरायला लागले. मापाला ती एकदम चोख. पण दर मेंढराला ती वाटीतून भरायची, वाटी कुणीतरी धरायची, आणि एखादं पाठमोरं मेंढरू ती लाथेनं उडवणारच. वाड्यातली सगळी मेंढरं पाजून होईस्तोवर ऊन डोक्यावर यायचं, चारायला उशीर व्हायचा आणि मामांची धुसफुस सुरू. गननं हे काम तासा-दीड तासात उरकतं. दाबलं की औषध जातं, सोडलं की स्प्रिंगच्या जोरानं पिचकारी आपोआप भरते. हात मोकळा राहतो, मेंढरू गुडघ्यात धरता येतं. वेळेच्या बाबतीत पैसे वसूल, यात शंकाच नाही.

आता तक्रारी. पहिली नळीच्या टोकाची. टोकाला गोल बोंड आहे, ते गुळगुळीत असायला हवं. आमच्या गनचं दिसायला चकचकीत होतं, पण करंगळी फिरवली तर भोकाच्या कडेला कुसळासारखी धार लागली. अशी धार मेंढराच्या घशाला आतून ओरखडते. जखम बाहेरून दिसत नाही, ती आत चिघळते आणि मेंढरू चारा सोडतं. कानस नको, ती जास्त खाते. मी बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आत-बाहेर घासलं, मग जुन्या साडीच्या चिंधीवर फिरवून पाहिलं. चिंधीचा धागा अडकत नाही म्हणजे झालं. दुकानातच बोट फिरवून बघा, दोन-तीन खोकी उघडायला लावा. लाजू नका.

दुसरी तक्रार मापाची, आणि खरं सांगायचं तर याच एका गोष्टीसाठी मी एवढं टंकत बसले आहे. मुठीच्या मागं फिरकी आहे, ती फिरवली की दट्ट्या किती मागं येणार ते ठरतं. नळकांड्यावर 5, 10, 15 असे आकडे छापलेत, मधल्या रेघा नाहीत. फिरकी 10 वर ठेवली म्हणजे 10 मिली पडेल, असं समजू नका. औषध भरण्याआधी साधं पाणी भरा, पाइपमधली हवा जाईपर्यंत चार-पाच दाब वाया घालवा, मग मापाच्या भांड्यात बरोबर दहा दाब मारा. भांड्यात 100 मिली भरलं पाहिजे. आमची नवी गन 10 वर 92 मिलीच देत होती. मी फिरकी थोडी सैल करून 100 वर आणली आणि त्या जागी नेलपॉलिशची रेघ ओढली. छापील आकड्यापेक्षा माझी लाल रेघ खरी. वॉशर झिजला की माप पुन्हा खाली येतं, म्हणून पाजायच्या दिवशी सकाळी हे दहा दाब मारल्याशिवाय मी कॅन पाठीला लावत नाही.

आठ मिलीनं काय बिघडतं, असं आमच्या ह्यांनीही विचारलं. बिघडतं ते असं. आम्ही पाजतो ते जंताचं औषध म्हणजे अल्बेंडाझोल. 2.5 टक्क्यांच्या अल्बेंडाझोलमध्ये दर मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं. आमच्या डॉक्टरांनी मेंढरासाठी किलोला 7.5 मिलिग्रॅमचं माप दिलंय. म्हणजे 25 किलोच्या दख्खनी मेंढीला साडेसात मिली, आणि 45 किलोच्या माडग्याळीला साडेतेरा. बहुतेक जण गन 10 वर लावतात आणि सगळा कळप त्याच मापानं ओढतात. दख्खनीला जास्त होतं, ते ती पचवते. माडग्याळीला मात्र पाऊण माप जातं. त्या पाऊण मापात अशक्त जंत मरतात, दणकट उरतात, आणि पुढची पिलावळ त्या दणकटांचीच. मग वर्षा-दोन वर्षांत लोक म्हणतात, औषधात आता दम राहिला नाही.

म्हणून गनच्या आधी काटा घ्या. लटकवायचा डिजिटल काटा गनपेक्षा कमी पैशांत येतो. पोत्याची झोळी करून मेंढरू त्यात टांगायचं, दोन माणसं लागतात. सगळ्यांना तोलत बसायचं कारण नाही. कळपाचे तीन गट करा: माडग्याळ मोठी, दख्खनी, आणि कोकरं. दर गटातलं सगळ्यात जड मेंढरू तोला आणि त्याच्या वजनावर गटाचं माप लावा. सरासरी काढू नका, सरासरीनं जड मेंढरं उपाशी राहतात. मामांचा नजरेचा अंदाज गावात नावाजलेला आहे, बाजारात त्यांना भाव विचारायला लोक येतात. तरी काट्यावर त्यांचा मोठा मेंढा अंदाजापेक्षा सहा किलो जड भरला. तेव्हापासून काट्याला घरात मान आहे.

पाजायची पद्धत. डोकं वर ओढायचं नाही. सगळ्यांचा पहिला हात मान वर करायला जातो, आणि तिथंच ठसका लागतो. औषध श्वासनळीत गेलं की फुफ्फुसाला सूज, आणि त्यातनं मेंढरू उठेलच असं नाही. डोकं जमिनीला समांतर ठेवा, ओठाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात त्या फटीतून, नळी आत सरकवा. नळीचं बोंड जिभेच्या मागच्या उंचवट्यावर आलं की सावकाश दाबा. मेंढरानं गिळलेलं घशावर दिसतं. गनचा दोष असा की घाईत दाब जोरात बसतो आणि पिचकारी उडते. मूठ जरा ताठ आहे, माझ्या हाताला साठाव्या मेंढरापर्यंत पेटका येतो. पुरुषांच्या हातासाठी बनवलीय हे उघड आहे, आणि पाजायचं काम बऱ्याच घरांत बायकाच करतात.

कॅनमधलं औषध खाली बसतं, हेही लक्षात ठेवा. अल्बेंडाझोल पांढरं, घट्टसर असतं. कॅन पाठीवर स्थिर राहिला की वरचं पातळ होतं आणि तळाशी गाळ. पाइप तळातून ओढतो, म्हणजे पहिल्या मेंढरांना दाट आणि शेवटच्यांना पाणी. दहा-बारा मेंढरं झाली की मी जागच्या जागी दोन-चार उड्या मारते. पोरं हसतात, हसू देत.

एका औषधाला मात्र ही गन लावू नका: क्लोसँटेल. हे रक्तपित्या जंतावर आणि यकृतातल्या चपट्या कृमीवर चालतं, आणि जिथं कालव्याचं पाणी आलं, उसाच्या चाऱ्या भरून वाहायला लागल्या, तिथं त्या कृमीची गोगलगायही आली. पंढरपूर-माळशिरसच्या बाजूला मेंढरं नेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 15 टक्क्यांचं क्लोसँटेल किलोला 10 मिलिग्रॅमनं 30 किलोच्या मेंढीला जेमतेम 2 मिली लागतं. या गनवर पहिला आकडाच 5 चा. तिथं अंदाजपंचे दाबलं आणि माप दुप्पट-तिप्पट गेलं तर मेंढरू आंधळं होऊ शकतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. 5 मिलीची सिरिंज वापरा, वेळ लागला तर लागू दे. मोरचुदाचं पाणीही यातून देऊ नका. तो जुन्या लोकांचा उपाय, पण तांबं मेंढराच्या यकृतात साठत जातं, बाकी जनावरांपेक्षा मेंढराला ते फार लवकर बाधतं. गनची स्प्रिंग खाऊन टाकतं ते वेगळंच.

आता या गनचा सगळ्यात मोठा धोका सांगते, आणि तो गनचा नाही, आपला आहे. पाजणं इतकं सोपं होतं की माणूस उठसूट पाजतो. आमच्या शेजारच्या वाड्यावर दर अमावास्येला सगळी मेंढरं पाजतात. गन आल्यावर मामाही म्हणाले, "आता सोपं झालंय तर दर महिन्याला मारून टाकू." मी नाही म्हटलं.

मेंढराला मारणारा मुख्य जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो. हिमोंकस त्याचं नाव. दोन-तीन सेंटिमीटर लांब, मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत म्हणजे रोज 50 मिली. मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. आपल्याकडं पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, जमीन ओली आणि ऊन कोवळं, तेव्हा लेंडीतल्या अंड्यातून आठवडाभरात अळी तयार होऊन गवताच्या पात्यावर चढते. यात फसवं हे की हगवण लागत नाही. लेंडी टणक असते, मेंढरू फक्त मागं राहायला लागतं, आणि मग एका सकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसते. ती दिसली तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणून पापणी बघायची. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचं रंगांचं कार्ड निघालं, पाच रंगांचं, लालभडक 1 पासून पांढऱ्याफटक 5 पर्यंत. आम्हाला ते डॉक्टरांनी दाखवलं आणि वापरायला शिकवलं. अंगठ्यानं वरची पापणी हलकेच आत दाबायची, खालची ओढायची, आतला रंग कार्डाशी लावायचा. उघड्या उन्हात, गोठ्याच्या सावलीत नाही, सावलीत सगळीच फिकी वाटतात. 1 आणि 2 ला औषध नाही. 4 आणि 5 ला लगेच. 3 ला मी कोकरू, गाभण किंवा हडकलेली असेल तर देते, नाहीतर कानाला रंग लावून पुन्हा बघते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला, उन्हाळ्यात एवढी गरज नाही. कळपातल्या थोड्याच मेंढरांच्या पोटात बहुतेक जंत असतात, त्यामुळं सगळ्यांना पाजून उपयोग नाही. उलट तोटा आहे. न पाजलेल्या मेंढरांच्या लेंडीतून औषधाला बळी पडणारे जंतही माळावर पडत राहतात, आणि दणकटांची पिलावळ त्यांच्यात पातळ होते. हे मामांना पटवायला मला एक पावसाळा लागला. आता पापणी तेच ओढतात, मी कार्ड धरते. नंबरावरून भांडण होतं ते वेगळं.

औषध लागू पडतंय का, हे पाहायचं असेल तर लेंड्या तपासून घ्या. पाजायच्या दिवशी ताज्या लेंड्या, थेट मेंढराकडून घेतलेल्या, जमिनीवरच्या नाहीत. मग 10 ते 14 दिवसांनी त्याच मेंढरांच्या पुन्हा. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर त्या औषधाला जंत दाद देत नाहीत असं धरायचं. आमच्या कळपात अल्बेंडाझोलनं निम्मीच घटली. तेव्हा दुकानात दुसरं चांगलं म्हणून फेनबेंडाझोल हातात ठेवलं जातं. ते त्याच गटातलं. बाटलीचा रंग बदलतो, जंताला फरक पडत नाही. गट बदलायचा तर लेव्हामिझोल, आयव्हरमेक्टिन, क्लोसँटेल यांतलं डॉक्टरांना विचारून. आणि मेंढा सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा, गर्भाला धोका असतो.

गन आली म्हणजे रोगाचं बघून झालं, असंही नाही. आंत्रविषाराची (कोवळं गवत खाऊन आतड्यात विष होतं त्या रोगाची) लस सुईनंच द्यायची, पाऊस पडून कोवळं गवत फुटण्याआधी, म्हणजे मे महिन्यात, आणि पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लसही सुईनं, तिचं संरक्षण तीन वर्षं टिकतं. नाकातल्या अळ्यांनी शिंकणारं मेंढरू, गोचीड, उवा, सडलेले खूर, यांतल्या कशालाही ही पिचकारी कामाची नाही. मेंढरू एकदम आडवं झालं तर गन बाजूला ठेवा आणि 1962 ला, म्हणजे जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावा.

देखभाल. काम झालं की लगेच कोमट पाणी भरून पाणी स्वच्छ येईपर्यंत दाबत राहायचं. औषध आत सुकलं की झडपेचा छोटा गोळा चिकटतो, आणि मग पिचकारी भरतच नाही. खोलून पुसायचं, वॉशरला एरंडेलाचा एक थेंब लावायचा. खोबरेल थंडीत गोठतं, ते नको. पिशवीतल्या दोन वॉशरांपैकी एक मापाचाच नव्हता, बसवला तर दट्ट्या अडकला. दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिला, एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं. पट्टे मात्र निव्वळ कचरा. भरलेल्या कॅनचा भार येताच शिवण उसवली. मी पोराच्या जुन्या दप्तराचे पट्टे लावून घेतले, आणि कॅन अर्धाच भरते.

पाचापैकी साडेतीन देईन. अर्धा गुण पट्ट्यांचा कापला, एक मापाचा. वीस-पंचवीस मेंढरं असतील तर घेऊ नका, सिरिंज पुरे. साठ-सत्तरच्या पुढं असाल तर घ्या, पण आधी काटा. आणि मिळाली तर याच जातीची 10 मिलीची, मिली-मिलीच्या रेघा असलेली गन बघा. कोकरांसाठी मी तीच शोधतेय.